रेशमी रुमालाची धुलाई

आमच्या बेळगावच्या घरात एक जुनी लाकडी पेटी आहे. तिच्यात माझ्या आईचे दोन रेशमी रुमाल असत. आज आपण त्यांना स्कार्फ म्हणतो. वडिलांनी ते म्हैसूरहून आणले होते आणि रविवारी मिस्सेला जाताना आई त्यांतील एक डोक्यावरून घेई. त्या दोन्ही रुमालांची हानी माझ्याच हातून झाली. एकाची घाईने आणि दुसऱ्याची भीतीने. म्हणून, घरच्या घरी रेशमी रुमाल कसा धुवावा व कसा वाळवावा, या साध्या विषयावर चार शब्द बोलण्याचे मी आज धाडस करीत आहे.

गोष्ट १९९३ सालची. मी आठवीत होते. नाताळच्या आदल्या दिवशी आईला न विचारता मी तिचा तांबड्या काठाचा पांढरा रुमाल धुवावयास घेतला. कढत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, मग चोळणे आणि पिळणे. शेवटी भर दुपारच्या उन्हात गच्चीवरची तार! संध्याकाळी पाहते तो काठाचा रंग पांढऱ्यावर उतरलेला, चमक गेलेली आणि कापड खरखरीत झालेले. आई रागावली नाही. त्या रात्री तोच डागाळलेला रुमाल डोक्यावर घेऊन ती मिस्सेला आली. तिने दोन शब्द बोलून घेतले असते, तर मला बरे वाटले असते.

माझी चूक कोठे झाली, हे मला पुढे शिक्षिका झाल्यावर उमगले. सुती कापड वनस्पतीपासून होते. रेशीम हा किड्याने कोश करताना स्वतःभोवती गुंडाळलेला प्रथिनाचा धागा आहे. एका कोशातून ५०० मीटरांहून अधिक लांबीचा अखंड धागा निघतो. आपले केसही प्रथिनाचेच. जे केसांना सोसत नाही, ते रेशमालाही सोसत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. सोडा व कपडे धुण्याचा कडक साबण अल्कधर्मी असतात. त्यांच्या पाण्यात तांबडा लिटमस कागद निळा होतो, हा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत केलेला आहे. ते पाणी रेशमाची चमक खाते. हल्लीच्या कित्येक धुलाईच्या भुकट्यांत प्रथिनांचे डाग विरघळविणारी विकरे असतात. ती बिचारी डाग कोणता आणि रेशीम कोणते हे कसे ओळखणार? क्लोरीनयुक्त विरंजकाने तर रेशमाचा नाशच होतो.

आता कृती सांगते. प्रथम कापड खरोखर रेशमाचे आहे की नाही, ते पाहावे. कडेचा एखादा सुटा धागा जाळला असता जळक्या केसांचा वास आला व राख बोटांत चुरली, तर ते रेशीम. धागा वितळून त्याची टणक गोळी झाली, तर ते कृत्रिम. नंतर रंगाची परीक्षा करावी. पांढऱ्या कापडाचा ओला बोळा रुमालाच्या कोपऱ्यावर क्षणभर दाबून धरावा. बोळ्यास रंग लागला, तर तो रुमाल घरी धुण्याच्या फंदात पडू नये. जाणत्या धोब्याकडे द्यावा.

रंग पक्का असल्यास स्वच्छ टोपात गार किंवा अगदी कोमट पाणी घ्यावे. आपल्या भागात इरकल लुगड्याचे रेशमी पदर रिठ्याच्या पाण्यात धूत. तोच उपाय येथे चालतो. पाचसहा रिठे फोडून बिया काढाव्यात, रात्रभर भिजवून पाणी गाळून घ्यावे व हाताने फेस करावा. मात्र रिठ्याच्या पाण्याला किंचित तपकिरी झाक असते; म्हणून पांढऱ्या रुमालास रेशमासाठी मिळणारा सौम्य द्रव साबणच बरा. रुमाल तीनचार मिनिटे पाण्यात अलगद हलवावा. चोळू नये, घासू नये. ओले रेशीम कोरड्यापेक्षा दुबळे असते. मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावा. शेवटच्या चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरा शिरका घातला, तर साबणाचा उरलेला अंश जातो व चमक परत येते.

पिळण्याचा मोह टाळावा. रुमाल कोरड्या टॉवेलावर पसरून टॉवेलासह गुंडाळावा व हलकेच दाबावा. पाणी टॉवेल पिऊन घेतो. नंतर तो सावलीत, वाऱ्यावर, सपाट पसरून वाळवावा. उन्हाने रेशीम पिवळे पडते व विरते. लोखंडी तार किंवा लाकडी चिमटा नको. त्यांचे डाग पडतात. थोडा दमट असतानाच उलट्या बाजूने मंद इस्तरी करावी. वाळलेल्या रेशमावर मात्र पाणी शिंपडू नये, कारण थेंबांचे ठसे उरतात.

आता दुसऱ्या रुमालाविषयी. आई गेल्यानंतर तो माझ्याकडे आला. पहिल्याची आठवण मनात असल्याने मी त्याला पाणी लावले नाही, की कधी डोक्यावर घेतला नाही. न धुता, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत पेटीच्या तळाशी ठेवला. बेळगावचे कित्येक पावसाळे वरून गेले. भाचीच्या लग्नात तिला द्यावा म्हणून काढला, तेव्हा घामाचे जुने डाग पिवळे झाले होते आणि घडीच्या रेषेवर कापड चिरले होते. मी तो जपला नव्हता. केवळ लपवून ठेवला होता.

म्हणून सांगते, रेशीम धुऊनच ठेवावे, स्वच्छ सुती कापडात गुंडाळावे, पावसाळ्यानंतर त्याला वारा द्यावा आणि दर वेळी घडी बदलावी. शिवाय ते वापरावे. चिरलेला भाग काढून त्या रुमालाचा लहानसा चौकोन मी शिवून घेतला व भाचीला दिला. तो ती वापरते आणि आपल्या हाताने धुते. पहिल्यांदा धुताना मी शेजारी उभी होते. तिच्या हातून थोडे पाणी सांडले, पण मी काही बोलले नाही. मात्र, "छान धुतलास हो," एवढे म्हणावयास मी विसरले नाही.