वृद्धाश्रमातील माणूस आश्रित नव्हे



म्हातारपणी ज्याला वृद्धाश्रमात राहावे लागते, त्याचे हक्क कोणते, या प्रश्नाविषयी आज मी आपणापुढे बोलणार आहे. चालक म्हणतात, आम्ही पुण्यकर्म करतो. मुले म्हणतात, आम्ही सोय केली. दोघांच्याही बोलण्यात हक्क हा शब्द नाही. हक्काच्या जागी दया येऊन बसली म्हणजे माणसाचा अपमान व्हावयास वेळ लागत नाही, हे आपणास कोणी शिकवावयास नको.

प्रथम राज्यघटना पाहा. 13 डिसेंबर 2018 रोजी अश्विनी कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचा सन्मानाने जगण्याचा, निवाऱ्याचा व आरोग्याचा हक्क अनुच्छेद 21 मध्ये सामावलेला आहे, असे मानले. आश्रमाचा उंबरठा ओलांडल्याने हा हक्क गळून पडत नाही.

आता 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा. कलम 19 म्हणते की प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निर्धन वृद्धांस पुरेल असा आश्रम सरकार स्थापू शकेल. ‘शकेल’ या शब्दावर लक्ष ठेवा. ‘स्थापीलच’ असे त्यात म्हटलेले नाही. कायद्यातील एवढ्याशा शब्दाने गरिबाचे छप्पर सरकारच्या मर्जीवर सोडले. आश्रमांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक 2019 साली लोकसभेत आले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. अमेरिकेने 1987 सालीच शुश्रूषागृहातील रहिवाशांचे हक्क कायद्यात लिहून काढले: शिक्षा म्हणून किंवा सेवकांच्या सोयीसाठी कोणास बांधू नये, गुंगीचे औषध देऊ नये, खाजगीपणा राखावा, तक्रार केल्याबद्दल सूड उगवू नये. आपल्या पार्लमेंटने अशी यादी अद्याप केलेली नाही.

म्हणून आपण निःशस्त्र आहो, असे मात्र समजू नका. वृद्धास बेकायदा कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या आश्रमाने सेवेत कसूर केल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येते; पूर्णतः मोफत सेवेस हा मार्ग नाही. अस्पृश्यता पाळून कोणास वेगळ्या पंगतीस बसविले, तर अनुच्छेद 17 आणि 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. आईवडिलांस कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडणाऱ्यास, मग तो पोटचा मुलगा का असेना, 2007 च्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वृद्धास आश्रमात पाठविण्यापूर्वी त्याची स्वतःची संमती घ्या. दरमहाची रक्कम, अनामत परत मिळण्याच्या अटी, डॉक्टरची व्यवस्था व बाहेर काढण्यापूर्वीची मुदत कागदावर लिहून घ्या आणि एक प्रत वृद्धाच्या हाती द्या. पेन्शनचे पासबुक त्याच्याजवळच राहू द्या. कोऱ्या कागदावर अंगठा कदापि देऊ देऊ नका. घर वा शेत मुलाच्या नावे करावयाचे असेल, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहा. अट मोडल्यास कलम 23 खाली ते रद्द करून घेता येते. निर्वाह मिळत नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करा. मदतीसाठी 14567 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

शेवटी एकच विनंती. भेटीस जाल तेव्हा केवळ फळे देऊन परतू नका. चालकांस बाजूस ठेवून वृद्धास एकांतात विचारा: येथे तुम्हांस कोणी अरेतुरे करते काय? रात्री हाक मारल्यावर कोणी येते काय? तक्रार करावयाची भीती वाटते काय? ज्याला असे विचारणारा कोणी आहे, त्याच्याशी मुजोरी करण्यास चालक सहसा धजत नाहीत. कायद्याचे पुस्तक आपोआप उघडत नाही, ते उघडण्यासाठी वृद्धाच्या पाठीशी उभे राहणारे माणूस लागते. ते माणूस आपण व्हा.