शेअर विकणारे आणि अडकून पडणारे



विमान कंपनीच्या अधिकाऱ्यांनी शेअर विकले म्हणजे कंपनी बुडालीच, असे समजू नये. इंडिगोचे सहसंस्थापक राकेश गंगवाल यांनी २०२२ साली संचालकपद सोडून आपला हिस्सा क्रमशः कमी करण्याचे जाहीर केले; तरीही २०२३-२४ साली कंपनीने ८,००० कोटी रुपयांहून अधिक नफा मिळविला. परंतु वेतनकपातीची मागणी करणारे अनेक अधिकारी त्याच सुमारास स्वतःचे शेअर विकत असतील, तर तो इशाराच होय.

खरा प्रश्न असा की, वेळीच बाहेर पडण्याची मुभा कोणाला असते? अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी व यंत्रकामगारांनी १९९४ साली वेतनकपात पत्करली आणि कर्मचाऱ्यांकडे ५५ टक्के मालकी आली. ते शेअर सामान्यतः निवृत्तीपर्यंत अथवा नोकरी सोडेपर्यंत त्यांना विकता येत नव्हते. ९ डिसेंबर २००२ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला; शेअरबरोबर कामगारांची पुंजीही मातीमोल झाली.

सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार आपल्याकडेही अधिकाऱ्यांचे मोठे शेअर-व्यवहार शेअर बाजारात जाहीर होतात. वेतनकरारावर सही करण्यापूर्वी कामगार संघटनांनी ती माहिती बारकाईने तपासलीच पाहिजे.