मुका माज

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना वाटेत ओरत्तनाडु लागते. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबेच्या नावे बांधलेले छत्र या गावी असल्याने मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. जेथे वाटसरूंच्या अन्नाची चिंता वाहिली गेली, तेथे २०१२ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. अशा विद्यालयांपुढचा एक प्रश्न अन्नाशीच निगडित आहे: जनावराला यत्किंचितही त्रास न देता त्याचा माज ओळखावा कसा?

प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. गाय किंवा म्हैस साधारणपणे एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम अर्धा ते पाऊण दिवस टिकतो. ती घटका हुकली की पुढचे तीन आठवडे वाया जातात. वैरण-पेंड चालू राहते, वेत लांबते, दूध मात्र नाही. दारी एकच म्हैस असलेल्या भूमिहीन कुटुंबाला हा तोटा सोसवत नाही.

गाय हंबरते, दुसऱ्या जनावरावर चढते, कोणी अंगावर चढले तर स्थिर उभी राहते. म्हशीचे तसे नाही. तिचा माज पुष्कळदा मुका असतो. उन्हाळ्यात तर अधिकच, आणि बहुधा रात्री वा पहाटे, जेव्हा पाहणारा झोपलेला असतो. गुदमार्गातून हात घालून बीजांडकोश तपासता येतो; परंतु त्याला जाणता वैद्य लागतो आणि जनावरालाही त्रास होतो.

म्हणून शास्त्राने शरीर आपण होऊन जे बाहेर टाकते त्याकडेच लक्ष वळविले. माजाच्या वेळी योनीतून काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट येतो. तो काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर क्षारांचे स्फटिक नेच्याच्या पानासारखे पसरलेले दिसतात; लाळेतही अशी नक्षी आढळते. दुधातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण माजाच्या वेळी अगदी खाली गेलेले असते. वळूला तर उपकरणच नको. मूत्राचा वास घेऊन तो वरचा ओठ मुडपतो व निदान करतो. त्याला उमगणारी ही गंधद्रव्ये कोणती, याचा शोध जवळच्याच तिरुचिरापल्लीतील भारतीदासन विद्यापीठात म्हशींवर घेतला गेला आहे. मोठ्या गोठ्यांतून पायाला किंवा गळ्याला बांधलेले यंत्र जनावराची वाढलेली चाल मोजते.

यांपैकी एकाच खुणेवर विसंबणे मात्र धोक्याचे. माज नसतानाही लाळेत नक्षी दिसू शकते. प्रोजेस्टेरॉन केवळ माजातच कमी असते असेही नाही. दोन-तीन खुणा जुळल्या, म्हणजेच निर्णय भरवशाचा.

माज सकाळी दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. कारण स्त्रीबीज माज ओसरल्यावर सुमारे दहा-बारा तासांनी सुटते व थोडेच तास टिकते.

प्रयोगशाळेतील कसोटी गोठ्यापर्यंत पोहोचावी, स्वस्त व्हावी, हे उद्दिष्ट योग्यच आहे. तोवर पहाटे व रात्री गोठ्यात एक फेरी, सोटाकडे नजर आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत मागच्या माजाची खूण, एवढे ज्या घरी पाळले जाते, तेथे मुक्या जनावराचे म्हणणे बहुधा वेळेवर ऐकू येते.