आगबोट आणि चाकरमान्याचा संसार

कोकणच्या आगबोटीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यावरील गर्दी, पडावांतील धावपळ, बोट लागून बेजार झालेले उतारू यांची वर्णने आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असतील. मला आज बोलावयाचे आहे ते त्या बोटीच्या डेकवर नवराबायकोने शेजारी शेजारी बसून काढलेल्या एका दीर्घ दिवसाविषयी.

मालवण, देवगड, राजापूर या मुलुखातला तरुण मुंबईस गिरणीत लागला म्हणजे तो परळ-लालबागच्या एखाद्या खोलीत गाववाल्यांबरोबर राही, खानावळीत जेवी, आणि त्याची बायको सासूसासऱ्यांजवळ गावी शेतीभाती सांभाळी. शिमग्याला किंवा मे महिन्यात तो रजा घेऊन आला, तरी वडीलधाऱ्यांच्या देखत दोघांनी निवांत बोलत बसावे असा घराचा शिरस्ता नव्हता. पुढे कधीतरी चाळीत खोली मिळे, वडिलांची अनुज्ञा मिळे, आणि मुंबईस बिऱ्हाड करण्यासाठी तो बायकोला घेऊन निघे. लग्नाला चारपाच वर्षे उलटून गेलेल्या कित्येक जोडप्यांना परस्परांचा अखंड सहवास घडला तो प्रथम या प्रवासात.

मालवणच्या बंदराचे तोंड खडकाळ असल्यामुळे आगबोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी, आणि पत्र्याची ट्रंक, वळकटी, तांदळाचे गाठोडे, आमसुलांची पुरचुंडी यांसह उतारूंना पडावातून तिथवर न्यावे लागे. पडाव बोटीच्या अंगाला लागला, तरी खरी परीक्षा पुढेच असे. लाट आली की पडाव पुरुषभर वर उचलला जाई, ओसरली की तितकाच खाली जाई. तो वर आलेला असतानाच शिडीवर पाऊल टाकावयाचे, आणि तो क्षण कोणता हे खलाशाने ओरडून सांगावयाचे. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, श्वास रोखून उभ्या असलेल्या त्या स्त्रीचे मनगट, आधीच शिडीवर चढलेला नवरा सगळ्या पडावादेखत घट्ट धरी. घराच्या ओटीवर जी गोष्ट अमर्याद ठरली असती तिला दर्यावर कोणी नाव ठेवीत नसे. मी ज्या वृद्ध स्त्रियांशी या विषयावर बोललो, त्यांच्यापैकी एकीला ट्रंकेत काय होते ते आठवत नव्हते. धरलेले मनगट मात्र आठवत होते.

डेकवर सतरंजी अंथरून जागा धरली, पोटात ढवळू नये म्हणून आल्याचा तुकडा तोंडात टाकला, की मग करावयाचे असे काही उरतच नसे. चूल नाही, विहीर नाही, गुरे नाहीत. ज्या स्त्रीच्या आयुष्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत रिकामी घटका नव्हती, तिला केवळ बसून राहण्याची अशी सक्ती प्रथमच होत असे. किनारा उजव्या हाताला ठेवून बोट उत्तरेकडे चालू लागे. 1664 साली शिवछत्रपतींनी ज्याचे बांधकाम आरंभिले तो सिंधुदुर्ग तिने जन्मभर मालवणच्या वाळूतून पाहिलेला असे. त्याची खुल्या समुद्राच्या लाटा झेलणारी पश्चिमेची तटबंदी तिला आता दिसे. मागून देवगड येई, आणि मग 1756 मध्ये इंग्रजांनी ज्याच्या आश्रयाला असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले तो विजयदुर्ग. नवरा तिला हे सारे दाखवी. तांदळाच्या भाकरीवर लसणीची चटणी घेऊन दोघे एकत्र जेवत, आणि हे एकत्र जेवणेही तिला नवे असे. मुंबईच्या खोलीचे भाडे, नळाला पाणी येण्याची वेळ, गावी पाठवावयाची मनिऑर्डर, या गोष्टींचा खल याच सतरंजीवर होई. माझ्या मते त्या संसाराचा खरा आरंभ इथेच झाला.

या सुखाला भयाची किनार होती, आणि ते भय अनाठायी नव्हते. 11 नोव्हेंबर 1927 रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वादळात बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेंहून अधिक माणसे गेली. गावोगावच्या घरांत ही नावे ठाऊक होती, म्हणूनच बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी दर्याला नारळ देण्यात कोणी हयगय करीत नसे.

पुढे रस्ते सुधारले, एस. टी. गावागावांत पोहोचली, आगबोट बंद पडली, आणि 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. ज्या मुलखातील माणसांनी पावसाळ्यात बोटी बंद असताना आजारी माणसाला मुंबईस नेण्याची तजवीज कशी करावी या चिंतेत रात्री काढल्या, त्यांना रेल्वेचे मोल सांगावयास नको. परंतु गिरणीकामगाराचा संप, त्याची संघटना, त्याची चाळ यांचा इतिहास लिहिला गेला, तसा त्याच्या बायकोच्या या पहिल्या जलप्रवासाचा लिहिला गेला नाही. कारण तिला तो कोणी विचारला नाही, आणि आपण होऊन सांगण्याची तिला सवय नव्हती.

त्या बोटीने बिऱ्हाड करावयास आलेल्या स्त्रिया आज फार थोड्या उरल्या आहेत. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशी आजी असेल, त्यांनी तिच्यापाशी बसावे, कोणत्या बंदरात ती पडावात चढली आणि डेकवर शेजारी कोण होते ते विचारावे, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत उतरून ठेवावे.