अंगणातील सौरदिव्यांची घरगुती दुरुस्ती

(गोव्यातील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर दिलेले भाषण)



सूर्यप्रकाशापासून थेट वीज देणारी सिलिकॉनची व्यवहारोपयोगी सौरघटिका १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगापुढे मांडली. आज तीच विद्या आपल्या तुळशीवृंदावनाजवळ व परसातील वाटेवर लहानशा दिव्याच्या रूपाने उभी आहे. परंतु एक-दोन पावसाळे लोटले की हे दिवे मंदावतात आणि निकामी समजून उकिरड्यावर जातात. वास्तविक बिघाड बहुधा एखाद्या लहान भागापुरताच असतो. पावसाळ्याच्या रात्री विहिरीच्या वाटेवर सापकिरडूचे भय असते. तेथील दिवा विझणे ही केवळ शोभेची हानी नव्हे.

प्रथम दिव्याची रचना ध्यानी घ्यावी. वरच्या सौर पॅनलने दिवसभर मिळविलेली वीज आतील पुनर्भारणक्षम सेलमध्ये साठते. साध्या दिव्यांत हा सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइड जातीचा, १.२ व्होल्टचा असतो. पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट लागतात. तो वाढीव दाब एक इवलेसे मंडल निर्माण करते. अंधार पडताच पॅनलचा दाब उतरतो आणि त्या इशाऱ्यावर दिवा लागतो. यास्तव रस्त्यावरील विजेच्या दिव्याखाली ठेवलेला सौरदिवा पेटत नाही, हा त्याचा दोष मानू नये.

तपासणी क्रमाने करावी. पॅनलवरील धूळ, शेवाळ व पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्याने पुसावी. बटण चालू स्थितीत आहे ना, हे पाहावे. अनेक दिव्यांत बटण बंद असता सेल भारला जात नाही. नंतर दिवा उघडून सेलच्या टोकांशी हिरवट वा पांढरा क्षार जमला आहे काय ते पाहावे. असल्यास लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाने लावून तो काढावा, बारीक पॉलिशपेपरने पत्रा घासावा, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावा व हात धुवावेत.

एवढ्याने न भागल्यास पॅनल झाकून त्याच मापाचा, भारलेला चांगला सेल बसवावा. दिवा लागला तर मंडल व एलईडी शाबूत आहेत. दोष जुन्या सेलमध्ये अथवा पॅनलमध्ये आहे. सेल काढून भर उन्हात मल्टिमीटरने पॅनलचा दाब मोजावा. १.२ व्होल्टच्या सेलच्या दिव्यात तो सुमारे २ व्होल्ट वा अधिक असावा. तो शून्याजवळ असल्यास तुटलेली तार शोधून तिला डाख द्यावा. पॅनल ठीक असेल, तर नवा सेल घालावा.

नवा सेल त्याच जातीचा, त्याच मापाचा व तितक्याच व्होल्टचा हवा. काही दिव्यांत ३.२ किंवा ३.७ व्होल्टचे लिथियम सेल असतात; त्यांची अदलाबदल धोक्याची आहे. घड्याळाचा साधा सेल कायमचा घालू नये. तो भारण्यासाठी केलेला नसल्याने गळतो. फार मोठ्या क्षमतेचा सेल घेण्यातही लाभ नाही, कारण लहान पॅनल तो दिवसभरात भरू शकत नाही.

शेवटी झाकणाच्या सांध्यास सिलिकॉनचा लेप द्यावा. मात्र पाणी निथळण्याचे खालचे छिद्र बुजवू नये. पावसाळ्यात ढगांमुळे दिवा कमी वेळ जळणे स्वाभाविक आहे.

जुने सेल फोडू वा जाळू नयेत, कचऱ्यातही टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते अधिकृत संकलनाकडे देणे अपेक्षित आहे. पंचायतीने त्यासाठी एक डबा ठेवल्यास ग्रामस्थांची सोय होईल. शिक्षकांनी असा एक दिवा वर्गात उघडून दाखविल्यास मुलांना विजेचा पाठ पुस्तकाबाहेर शिकता येईल.

वस्तू टाकण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.