लोणारचा गुलाबी रंग आणि साखरेचा अंगरखा

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा आमच्या म्हसावदासही नाना तर्क लढविले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधिले: खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. आपण लोणच्यात मीठ घालितो ते जंतू आवरावेत म्हणून. ह्यांना मात्र मीठ हेच जीवन! ह्यांच्या कुळातील जीवांस प्रथिनांचे कवच असते व त्यावर साखरेच्या साखळ्या जडविलेल्या असतात. ही केवळ नक्षी नव्हे. मेशर व स्ट्रॉमिंजर यांनी १९७६ साली एका औषधाने हे जडावकाम थांबविले, तोच दंडाकृती जीव गोल झाले! मृत समुद्रातील एका जातीत तर पाण्याचा खारटपणा उतरला, की काही साखळ्या निराळ्याच जडतात; ऋतुमान पाहून आपण अंगरखा बदलावा, तशा.