लहान मुलांसह उपाहारगृहात

रविवारची संध्याकाळ आली म्हणजे शहरातील पुष्कळ घरांतून आज स्वयंपाकास सुट्टी द्यावी, असा विचार निघतो. घरात सगळी मोठी माणसे असली तर प्रश्न फक्त आवडीचा आणि खर्चाचा उरतो. परंतु त्या घरात दोन-अडीच वर्षांचे एखादे मूल असले, की निरनिराळ्या शंका उभ्या राहतात. बसावयास जागा लगेच मिळेल काय? बिनतिखट असे काही असेल काय? मूल रडू लागले तर शेजारच्या टेबलावरील मंडळी कपाळाला आठ्या घालतील काय? आणि त्याला मध्येच शू लागली तर न्यावयाचे कोठे? पुष्कळदा या शंकांपायी बेत मोडतो. कधी तो पारही पडतो. परंतु मुलाला सांभाळता सांभाळता आईचे पान निवून जाते आणि ज्या माऊलीला विश्रांती मिळावी म्हणून एवढा खटाटोप केला, तीच अर्धपोटी घरी परतते.

याचे मूळ थोडे जुने आहे. उपाहारगृह ही आपल्याकडे प्रथमपासून पुरुषाची जागा होय. मुंबईतील खानावळी वाढल्या त्या मुख्यतः बायकामुले गावी ठेवून गिरणीत वा कचेरीत नोकरीस आलेल्या माणसांच्या पोटासाठी. कुलीन स्त्रीने हॉटेलची पायरी चढणे कित्येक वर्षे शिष्टसंमत नव्हते. मग मुलाचा प्रश्न येतो कोठे? ही अडचण ओळखून इराणी हॉटेलवाल्यांनी एक युक्ती काढली. हॉटेलाच्या एका अंगाला लाकडी आडोसा करून, पडदा सोडून, त्यांनी 'फॅमिली रूम' निर्माण केली. आज ती खोली कोणास मागासलेली वाटेल. पण तान्ह्या मुलाला पाजण्यास, त्याचे लंगोट बदलण्यास आणि चार घास निवांत खाण्यास त्या पडद्याइतकी सोय आजच्या झगझगीत उपाहारगृहांतही क्वचितच आढळते, हे कबूल केले पाहिजे. धोबी तलावावरील कयानी हे १९०४ साली सुरू झालेले इराणी हॉटेल अद्यापि चालू आहे. अशा ठिकाणचा मावा केक आणि पावमस्का हे दात नुकतेच आलेल्या मुलासही झेपणारे पदार्थ. पाव मात्र चहात बुडवून देण्याऐवजी कोमट दुधात बुडवून द्यावा.

मराठी पद्धतीच्या उपाहारगृहांनीही कुटुंबांसाठी आपल्या परीने वाट करून दिली. दादर स्थानकासमोर १९१० साली निघालेले मामा काणे यांचे उपाहारगृह आणि पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर १९३५ साली निघालेले पूना गेस्ट हाऊस ही दोन नावे जुन्या मंडळींच्या ओठांवर असतात. अशा ठिकाणी घरच्यासारखे वरण-भात मिळतात, ही मुलांच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे.

आता पाट्यांविषयी. महाराष्ट्रात रस्तोरस्ती 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशी पाटी दिसते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यपानास परवाना आवश्यक ठरविला. तेव्हा परवानाधारकांसाठी जी खोली निघाली, तिचे 'परमिट रूम' हे नाव आजही टिकून आहे. त्या खोलीच्या माथ्यावर किंवा पाठीशी पंखे आणि पडदे लावून केलेल्या दालनासही 'फॅमिली' हा शब्द लाभतो! सगळीच दालने वाईट असतात असे नव्हे; परंतु त्या एका शब्दावर विसंबून मुलाचे बोट धरून आत शिरणे शहाणपणाचे नाही. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास २००८ च्या २ ऑक्टोबरपासून देशभर बंदी असली, तरी तीस वा अधिक बैठकांच्या उपाहारगृहास धूम्रपानाची स्वतंत्र जागा ठेवण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. म्हणून ती जागा कोठे आहे हे आधी विचारावे आणि तिच्यापासून दूरचे टेबल मागून घ्यावे.

हल्ली दुसरी भूल पडते ती रंगीबेरंगी खेळण्यांची. घसरगुंडी, प्लॅस्टिकच्या चेंडूंचा हौद, भिंतीवर हत्ती आणि ससे, एवढे दिसले की आईबापांना वाटते, हेच मुलांचे स्थान. मुलास तेथे मौज वाटते यात शंका नाही. परंतु त्याच्या मागे एका मोठ्या माणसाला ताटावरून सारखे उठावे लागते, आणि त्या हौदात दिवसभरात किती हातपाय बुडाले याचा हिशेब कोण ठेवतो? उपाहारगृह मुलांस योग्य आहे किंवा नाही हे ताडण्याची खूण अगदी निराळी आहे. तेथे त्या मुलाच्या आईला स्वतःचा घास गरम असताना खाता येतो काय, एवढेच पाहावे. पुढील सारे बारकावे यातूनच निघतात.

पहिला बारकावा वेळेचा. भुकेल्या मुलाला पाऊण तास थोपवून धरण्याचे सामर्थ्य कोणत्याही खेळण्यात नाही. यासाठी मागितल्याबरोबर समोर येणारा पदार्थ ज्या ठिकाणी असतो, ते ठिकाण उत्तम. या बाबतीत दाक्षिणात्य उपाहारगृहांची बरोबरी दुसऱ्यास करता येणार नाही. इडली वाफवून तयारच असते. ती मऊ असते, मुलाच्या मुठीत मावते आणि तळलेली नसते. मोठ्यांचा डोसा तव्यावर आहे तोवर मुलाचे अर्धे पोट भरलेले असते. सांबार तिखट असेल तर ताक वा दही मागावे. दहीभात तर बहुधा मिळतोच. मुंबईत माटुंगा हे या खाद्याचे माहेरघर. तेथील रामा नायक यांचे १९४२ सालचे उडुपी भोजनगृह केळीच्या पानावरील जेवणासाठी प्रसिद्ध आहे. ते पहिल्या मजल्यावर असल्यामुळे ज्यांच्याकडे बाबागाडी असेल त्यांनी ती घरीच ठेवावी आणि मुलास कडेवर घ्यावे हे बरे.

वेळेचेच दुसरे अंग असे की, रविवारी रात्री साडेआठनंतर नावाजलेल्या प्रत्येक ठिकाणी दाराबाहेर रांग लागते. लहान मुलाची झोपेची वेळही नेमकी तीच. सात वाजता जाणाऱ्यास जागा मिळते, वाढप्याचे लक्ष मिळते, आणि मूल चिडण्याच्या आत जेवण आटोपते. आधी दूरध्वनी करून दोन प्रश्न विचारावेत: मुलासाठी पट्ट्याची उंच खुर्ची आहे काय, आणि तान्ह्यासाठी घरून आणलेली पेज चालेल काय? 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी असते खरी. परंतु तान्ह्याच्या पेजेवर ती पाटी दाखविणारा मालक असेल, तर त्याचे दार न चढलेलेच बरे.

स्थानापन्न होताना कोपऱ्यातील, भिंतीलगतचे टेबल घ्यावे. वाढप्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर मुलाची खुर्ची कधीही नसावी. भाजण्याचा धोका तेथेच असतो. उकळते सांबार, सूप आणि चहा मुलाच्या हाताच्या टप्प्यापलीकडे ठेवावेत, आणि टेबलावर लोंबते कापड असेल तर ते वर दुमडून घ्यावे, कारण मूल ते ओढणारच. पाच वर्षांच्या आतील मुलास अख्खे शेंगदाणे, फुटाणे वा अख्खी द्राक्षे देऊ नयेत. ती घशात अडकतात. वर्षाच्या आतील मुलास मध मुळीच देऊ नये, मग तो कितीही शुद्ध म्हणून कोणी समोर ठेवो. पाणी गाळलेले वा उकळलेले आहे याची खात्री करावी आणि बर्फ टाळावा. अन्नसुरक्षेच्या कायद्याप्रमाणे चौदा आकड्यांचा परवाना क्रमांक लावलेला असतो तो पाहावा, पण तेवढ्यावर थांबू नये. हात धुण्याच्या बेसिनजवळ साबण आहे काय आणि संडास कसा ठेवला आहे, या दोन गोष्टी स्वयंपाकघराविषयी पुष्कळ काही सांगून जातात.

मुलांसाठी वेगळी खाद्यसूची असावी काय? जपानात टोकियोच्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाने १९३० साली मुलांचे स्वतंत्र ताट काढले. त्यातील भाताच्या मुदीवर चिमुकले निशाण रोवलेले असे. एका व्यापाऱ्याने मुलाला पाहुणा म्हणून ओळखले, ही गोष्ट लोभस आहे. परंतु आजच्या मुलांच्या याद्या पाहिल्या, तर तळलेले बटाटे, पिझ्झा आणि साखरेचे रंगीत पेय यांपलीकडे त्यांची मजल जात नाही. त्यापेक्षा मोठ्यांच्याच पानातील साधा भात, वरण, मऊ पोळी, एखादी मिरचीविरहित भाजी यांचे थोडे थोडे घास बरे. वाढप्यास आरंभीच सांगितले तर तिखट वगळून देण्यास बहुतेक ठिकाणी अडचण पडत नाही.

मूल गप्प राहावे म्हणून त्याच्यापुढे मोबाईल उभा करून ठेवण्याची चाल आता सर्रास झाली आहे. थकलेल्या आईबापांस दोष देण्यात अर्थ नाही. तथापि घास तोंडात येतो आणि तो कशाचा हे मुलास ठाऊकही नसते. एक रंगीत खडू व कागदाचा तुकडा, किंवा शेजारी बसलेली आजी, यांनीही तेच काम होते.

राहता राहिली घरातील माणसांची वाटणी. पहिली दहा मिनिटे वडिलांनी मुलास भरवावे आणि आईने जेवावे. मग पाळी बदलावी. पुष्कळ घरांत या साध्या व्यवस्थेवाचूनच चांगल्यातले चांगले उपाहारगृह वाया जाते. उठताना खुर्चीखाली सांडलेली शिते कागदाने गोळा करून ताटात टाकावीत, आणि वाढप्याला बक्षिसी द्यावयाची ती त्याच्या हातात द्यावी. पुढच्या खेपेस मुलाचा दहीभात न सांगता अगोदर येतो.